पुष्पचक्र: दोन दिवसांत सुकणाऱ्या फुलांना एवढा मान का?

न्यूजमध्ये हे दृश्य आपण इतक्यांदा बघतो की आता त्याकडे लक्षही जात नाही. एका देशाचा प्रमुख दुसऱ्या देशात जातो, चर्चा, करार, मेजवानी सगळं नंतर, त्याआधी तो कुठल्यातरी स्मारकापाशी जातो, दोन सैनिक फुलांचं मोठं चक्र उचलून सावकाश पुढे चालतात, पाहुणा त्यांच्यामागे, चक्र ठेवलं जातं, पाहुणा वाकून रिबन सारखी करतो, एक पाऊल मागे येतो आणि मान खाली घालतो. झालं. दोन-तीन मिनिटांचा कार्यक्रम. रिबन बहुतेक वेळा आधीच नीट असते, तरी तिला हात लावला जातो. आणि कधीकधी याच दोन-तीन मिनिटांवरून अख्ख्या देशात भांडणं होतात, लोक रस्त्यावर येतात, संसदेत ठराव होतात. फुलांवरून एवढं? तर हो, आणि त्यामागे तीन हजारांहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, तो एकदा कळला की ती बातमी वेगळीच दिसायला लागते.

## आधी हे की पुष्पचक्र म्हणजे नक्की काय

फुलं, पानं किंवा डहाळ्या गोल कड्याच्या आकारात बांधल्या की झालं पुष्पचक्र. मध्ये मोकळी जागा असते. आत सहसा तारेची, पेंढ्याची किंवा वेताची रिंग असते आणि त्यावर पानाफुलांचे छोटे छोटे जुडगे एकावर एक चढवत बांधत जातात, म्हणजे प्रत्येक जुडग्याचे देठ पुढच्याखाली झाकले जातात आणि सुरुवात कुठे झाली ते दिसत नाही. हार दोऱ्यात ओवतात आणि तो लोंबतो, गुच्छ हातात धरतात, चक्र मात्र स्वतःचा आकार धरून राहतं, म्हणून ते डोक्यावर बसतं, दारावर टांगता येतं, दगडाला टेकवता येतं. याचे उपयोग इतके वेगवेगळे का झाले त्याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

## गोलच का?

कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं येतं: वर्तुळाला सुरुवात नाही, शेवट नाही, म्हणून ते अनंताचं प्रतीक. चूक नाही ते. ख्रिस्ती परंपरेत हा अर्थ स्पष्टपणे घेतला जातो आणि म्हणूनच अंत्यविधीला चक्र चालतं. पण मला वाटतं हा अर्थ नंतर आला. आधी साधी गोष्ट होती, लवचिक फांदी वाकवून तिची दोन टोकं बांधली की ती गोल होते आणि माणसाचं डोकंही गोलच आहे. पुष्पचक्राचा जन्म डोक्यावर झाला असावा, थडग्यावर ते नंतर गेलं. हा डोक्यापासून दगडापर्यंतचा प्रवास लक्षात ठेवा, पुढे लागेल.

## पैशासाठी नाही तर पानांसाठी लढणारी माणसं

प्राचीन ग्रीसमध्ये चार मोठे क्रीडामहोत्सव होते आणि चारही ठिकाणी विजेत्याला पानांचा मुकुटच मिळायचा. ऑलिंपियाला रानटी ऑलिव्हचा, डेल्फीला लॉरेल या सदाहरित झाडाचा, नेमियाला रानटी सेलरीचा आणि इस्थमियाला पाईनचा (तिथंही काही काळ सेलरीचा). घरी गेल्यावर विजेत्याला त्याच्या शहराकडून बरंच काही मिळायचं हे खरं, पण मैदानावर हातात पडायची ती फक्त पानं.

इतिहासकार हेरोडोटस यावरून एक फार चांगली गोष्ट सांगतो. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस ग्रीसवर चालून आला होता, तेव्हा त्याच्या लोकांनी विचारलं की ग्रीक आत्ता काय करतायत, तर कळलं ते ऑलिंपिक स्पर्धा बघतायत. बक्षीस काय असतं? तर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट. हे ऐकून एक इराणी सरदार न राहवून आपल्या सेनापतीला ओरडला की अरे मार्डोनियस, तू आम्हाला कसल्या माणसांशी लढायला आणलंयस, ही पैशासाठी नाही तर मानासाठी झुंजणारी माणसं आहेत!

त्या सरदाराला जे कळलं तेच पुष्पचक्राचं मर्म आहे. वस्तूला स्वतःची किंमत काहीच नाही, त्यामुळे ती घेण्यामागे आणि देण्यामागे मानाशिवाय दुसरं काही असूच शकत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मेडलसोबत पुन्हा ऑलिव्हचे मुकुट दिले गेले, तुम्ही ते फोटो बघितले असतील.

## रोममधला सगळ्यात मोठा मान: गवत

रोमन लोकांनी तर याची पूर्ण यंत्रणाच केली. शत्रूच्या तटावर सगळ्यांत आधी चढणाऱ्याला सोन्याचा मुकुट, नौदलातल्या पराक्रमाला सोन्याचा मुकुट. पण यांच्याहून वरचा मान होता ओकच्या पानांच्या मुकुटाला, जो युद्धात दुसऱ्या नागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला मिळायचा, आणि अट अशी की ज्याचा जीव वाचला त्यानं स्वतः तसं कबूल करायला हवं. असा मुकुट घालून माणूस खेळ बघायला आला की सिनेटचे सदस्यसुद्धा उठून उभे राहायचे.

आणि सगळ्यांत वर काय होतं? गवताचा मुकुट. वेढ्यात अडकलेलं अख्खं सैन्य एखाद्या सेनापतीनं वाचवलं तर त्याच जागेवरचं गवत, रानफुलं, जे काही उगवलेलं असेल ते उपटून सैनिक स्वतः त्याच्यासाठी मुकुट विणायचे. बाकी सगळे मान सेनापतीकडून सैनिकाला, हा एकच खालून वर जाणारा. तो फार थोड्यांना मिळाला, इतक्या थोड्यांना की लेखक प्लिनी त्यांची नावंच मोजून देतो. सोनं खाली आणि गवत वर हा क्रम मला तरी फार थोर वाटतो, कारण गवतात त्या जमिनीची आणि वाचलेल्या माणसांची साक्ष आहे, ती सोनाराकडे मिळत नाही.

उलट बाजूही होती. मुकुट कुणी, कधी घालायचा यावर बंधनं होती. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी दुसरं मोठं युद्ध चालू असताना, म्हणजे इ.स.पू. २१८ ते २०१ च्या दरम्यान, फुल्वियस नावाचा एक सावकार दिवसाढवळ्या डोक्यावर गुलाबांचं चक्र घालून सज्जातून बाहेर बघताना दिसला, तर सिनेटनं त्याला तुरुंगात टाकलं आणि युद्ध संपेपर्यंत सोडलं नाही. लोक मरतायत आणि तू फुलं घालून मिरवतोस हा गुन्हा. म्हणजे फुलं चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी वापरली की तो अपमान होतो, ही समज तेव्हापासूनची आहे.

## आनंदालाही तेच, दुःखालाही तेच, हे कसं?

हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. लग्नात नवरीच्या डोक्यावर फुलांचं कडं आणि शवपेटीवर पण फुलांचं कडं, विचित्र नाही वाटत?

ग्रीक लेखक आणि सैनिक झेनोफॉन याच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. तो डोक्यावर चक्र घालून यज्ञ करत होता, तेवढ्यात निरोप आला की तुझा मुलगा ग्रिलस लढाईत गेला. झेनोफॉननं चक्र काढून ठेवलं. मग निरोप्यानं सांगितलं की तो शौर्यानं लढता लढता गेला. झेनोफॉननं चक्र परत डोक्यावर ठेवलं. बस एवढीच गोष्ट. चक्र म्हणजे आनंद असं नाही आणि चक्र म्हणजे शोक असंही नाही, चक्र म्हणजे "हा क्षण रोजच्यासारखा नाही, हा माणूस रोजच्यासारखा नाही" असं सगळ्यांसमोर सांगणं. जन्म, विजय, लग्न, मृत्यू, चारही वेळा तेच सांगायचं असतं.

म्हणून तर अथेन्समध्ये मुलगा झाला की दारावर ऑलिव्हचं चक्र टांगायचे (मुलगी झाली तर लोकर). ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लग्नात वधूवरांच्या डोक्यावर मुकुट ठेवतात, ग्रीक पद्धतीत ते दोन्ही एका रिबिनीनं जोडलेले असतात आणि तीनदा अदलाबदल करतात. १८४० मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियानं लग्नात रत्नांच्या मुकुटाऐवजी संत्र्याच्या फुलांचं चक्र घातलं आणि मग ती फॅशनच झाली. युक्रेन, पोलंड, बेलारूसकडे उन्हाळ्याच्या मध्यावर मुली फुलांची चक्रं मेणबत्ती लावून नदीत सोडतात आणि ते कसं तरंगतं त्यावरून लग्नाचं भाकीत करतात. नाताळच्या आधीचं चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र मात्र तसं अलीकडचं, १८३९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिक विशर्न या पाद्र्यानं आपल्या आश्रमातल्या मुलांना नाताळला किती दिवस उरले ते कळावं म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ते सुरू झालं.

आणि मृत्यूशी नातं तर फारच जुनं. इजिप्तमध्ये राजा तुतनखामेनच्या शवपेटीच्या कपाळावर पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला फुलांचं एक छोटंसं चक्र सापडलं, तीन हजारांहून जास्त वर्षांनी, सोन्याच्या ढिगाऱ्यात. त्या थडग्यातल्या कॉर्नफ्लॉवर वगैरे फुलाफळांच्या हंगामावरून अभ्यासकांनी अंदाज काढला की राजाचं दफन मार्च-एप्रिलच्या सुमारास झालं असणार. सोन्यानं सांगितलं तो राजा होता, कधी पुरलं ते सुकलेल्या फुलांनी सांगितलं.

## ही ख्रिस्ती पद्धत आहे का?

असं वाटणं साहजिक आहे पण गंमत म्हणजे सुरुवातीचे ख्रिस्ती याच्या विरोधात होते. त्यांच्या दृष्टीनं चक्र घालणं म्हणजे रोमन देवांची पूजा. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला टर्टुलियन या धर्मपंडितानं, लॉरेलचा मुकुट घालायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती सैनिकाच्या बाजूनं अख्खा निबंध लिहिला, त्यात त्याचा एक मुद्दा असा की फुलं डोळ्यांसाठी आणि नाकासाठी असतात, डोक्याला काय वास येतो! आणि त्याच्याही आधी संत पॉलनं कॉरिंथच्या लोकांना लिहिलं होतं की खेळाडू नाशवंत मुकुटासाठी धडपडतात, आपण अविनाशी मुकुटासाठी. कॉरिंथच्या शेजारीच त्या इस्थमियाच्या स्पर्धा व्हायच्या, त्यामुळे वाचणाऱ्याला लगेच डोळ्यांसमोर आलं असणार. पुढे चर्चनं चक्र स्वीकारलं ते याच अविनाशी मुकुटाचा अर्थ लावून. म्हणजे पद्धत धर्माहून जुनी आहे आणि आज ती सरकारी, लष्करी, धार्मिक, बिनधार्मिक सगळीकडे चालते.

## डोक्यावरून दगडावर

आता तो प्रवास. चक्र आधी जिवंत माणसाच्या डोक्यावर, मग मृताच्या डोक्यावर, शवपेटीवर, थडग्यावर. पण थडगंच नसेल तर?

पहिल्या महायुद्धात हेच झालं. लाखो माणसं मेली, कित्येकांचे मृतदेह सापडलेच नाहीत, आणि जे सापडले तेही ब्रिटिशांनी घरी आणू दिले नाहीत, जिथे पडले तिथेच पुरायचे असं धोरण होतं. घरच्यांकडे फुलं होती पण ठेवायला जागा नव्हती. जुलै १९१९ मध्ये लंडनला शांतता संचलनासाठी लाकूड आणि प्लास्टरचा एक तात्पुरता स्मारकस्तंभ उभा केला, रिकाम्या थडग्याच्या कल्पनेवरचा, आणि लोकांनी त्याच्या पायथ्याशी फुलांचे ढीग लावले. कुणी सांगितलं नव्हतं. ते बघून सरकारला तोच स्तंभ दगडात कायमचा बांधावा लागला, ११ नोव्हेंबर १९२० ला त्याचं अनावरण झालं. त्याच दिवशी लंडनमध्ये एका अनाम सैनिकाचं दफन झालं, पॅरिसमध्येही त्याच दिवशी असा एक सैनिक आणला गेला आणि जानेवारी १९२१ मध्ये त्याचं दफन झालं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत. कुणाचाही मुलगा असू शकेल असा एक सैनिक. आज पाहुणे जिथे चक्र ठेवतात त्या जागांची कल्पना बरीचशी इथून आली आहे. आर्लिंग्टनच्या थडग्यावर तर दोन्ही बाजूंना दगडातच उलटी चक्रं कोरली आहेत, उलटं चक्र म्हणजे शोक.

## कुठे ठेवलं हाच सगळा मजकूर

चक्रावर फार काही लिहिलेलं नसतं. मग बोलतं काय? तर जागा आणि ठेवणारा माणूस.

७ डिसेंबर १९७०, वॉर्सा. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट ज्यूंच्या उठावाच्या स्मारकापाशी गेले, चक्र ठेवलं गेलं, त्यांनी रिबन सारखी केली, मागे सरकले, आणि अचानक गुडघ्यांवर बसले. काही बोलले नाहीत. ब्रांट स्वतः नाझींचे विरोधक, ते तर त्या काळात देश सोडून नॉर्वेत गेले होते, म्हणजे व्यक्ती म्हणून त्यांच्यावर काहीच दोष नव्हता. ज्यांनी गुडघे टेकायला हवे होते त्यांच्या वतीनं ते टेकले. त्या वेळी जर्मनीतल्या एका पाहणीत ४८ टक्के लोकांना हे अति वाटलं, ४१ टक्क्यांना योग्य वाटलं. आज तो फोटो जर्मनीच्या इतिहासातला सगळ्यात मोठ्या क्षणांपैकी एक मानतात.

आता याच्या उलट. मे १९८५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन जर्मनीत बिटबुर्गच्या लष्करी दफनभूमीत चक्र ठेवणार असं ठरलं, आणि मग कळलं की तिथे हिटलरच्या वाफेन-एसएस या नाझी लष्करी दलातल्या ४९ जणांच्याही कबरी आहेत. प्रचंड विरोध झाला. छळछावणीतून वाचलेले लेखक एली विझेल यांनी व्हाइट हाउसमध्येच रेगन यांना तोंडावर सांगितलं की ती जागा तुमची नाही, तुमची जागा एसएसच्या बळींसोबत आहे. रेगन त्याच दिवशी बर्गन-बेल्सन या नाझी छळछावणीच्या जागीही गेले, पण बिटबुर्गचं चक्र काही रद्द केलं नाही आणि तो डाग राहिलाच. फुल्वियसचा सावकारी सज्जा आठवा, फुलं तीच पण जागा चुकली.

आणि मे २०११ मध्ये राणी एलिझाबेथ डब्लिनला गेल्या. ब्रिटिश राजसत्तेविरुद्ध लढून मेलेल्या आयरिश लोकांच्या स्मृतिउद्यानात त्यांनी चक्र ठेवलं आणि मान झुकवली. माफीचा शब्द नव्हता, पण ज्या राजमुकुटाविरुद्ध ती माणसं लढली तोच मुकुट तिथं वाकला हे सगळ्या आयर्लंडला दिसलं. २०१६ च्या मे महिन्यात ओबामा हिरोशिमाला गेले, पदावर असताना जाणारे पहिले अमेरिकी अध्यक्ष, तेव्हाही माफी नाही, चक्र. डिसेंबरमध्ये जपानचे पंतप्रधान आबे पर्ल हार्बरला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जपाननं हल्ला केलेल्या अमेरिकी नौदल तळावर गेले, तिथंही चक्र. जे शब्दांत म्हटलं तर दोन्हीकडचे लोक भडकतील ते फुलं ठेवून म्हणता येतं, राजनैतिक भाषेत याचा उपयोग तो हा.

## "पण हा सगळा फोटोसाठीचा प्रकार आहे ना?"

कधीकधी असतो, नक्कीच. पण विचार करा, आजारी माणसाला आपण भेटायला जातो तेव्हा तिथे जाऊन आपण करतो काय? काहीच नाही, औषध डॉक्टर देतात. तरी कोण आलं आणि कोण आलं नाही हे त्या घराच्या आयुष्यभर लक्षात राहतं. चक्राचंही तसंच आहे, आणि पोकळ असतं तर बिटबुर्गवर कुणी भांडलंच नसतं. तो रिबिनीला लागणारा हातही मला यासाठीच महत्त्वाचा वाटतो, चक्र दुसऱ्यांनी बनवलं, दुसऱ्यांनी उचललं, निदान एवढं तरी मी स्वतः केलं हे त्यातून दिसतं.

## "ते पैसे दान का करत नाहीत?"

चांगला प्रश्न आहे आणि अनेक कुटुंबं आता स्वतःच कळवतात की फुलं नकोत, अमुक संस्थेला मदत करा. त्यांचं ऐकावं. दक्षिण कोरियात तर दोन्ही एकत्र करायची युक्ती निघाली आहे, तिथे समारंभांना माणसाच्या उंचीची उभी चक्रं पाठवतात, तर कलाकारांचे चाहते तांदळाच्या पोत्यांसकट चक्र पाठवतात आणि तो तांदूळ नंतर गरजूंना जातो. त्याच देशात निषेध म्हणूनही अंत्यविधीची चक्रं सरकारी कचेऱ्यांसमोर रांगेनं उभी करतात, म्हणजे "तुम्ही आमच्यासाठी मेलात". घोषणा न देता.

## "प्लास्टिकचं ठेवलं तर टिकेल तरी"

टिकवायची इच्छा जुनीच आहे. ग्रीसमध्ये व्हर्जिनाला १९७७ साली उघडलेल्या मॅसेडोनियन राजघराण्याच्या थडग्यात ओकचं सोन्याचं चक्र सापडलं, ३१३ पानं आणि ६८ ओकची फळं, सगळं सोन्याचं. इंग्लंडमध्ये अ‍ॅबॉट्स अ‍ॅन गावच्या चर्चमध्ये अविवाहित मेलेल्यांसाठी केलेले कागदी फुलांचे मुकुट अजून टांगलेले आहेत. पण हे एकदाच, मनापासून, हातानं केलेलं होतं. प्लास्टिकचं चक्र ठेवून माणूस निश्चिंत होतो, परत यायची गरज राहत नाही. ताजं चक्र सुकतं म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागतं, आणि स्मरण म्हणजे तेच तर आहे.

शिवाय पर्यावरण. नुसती प्लास्टिकची फुलंच नाही, ताज्या चक्राच्या आत जो हिरवा स्पंज असतो, ज्यात देठ खोचतात, तोही प्लास्टिकच असतो, चुरा होऊन मायक्रोप्लास्टिक म्हणून माती-पाण्यात जातो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली.

## कुठली फुलं, आणि पाठवायचं असेल तर

ठरलेला असा जागतिक नियम नाही. लॉरेल विजयाचं, ओक बळाचं, ऑलिव्ह शांततेचं, रोजमेरी आठवणीची, लाल पॉपी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची. शेवंती फ्रान्स-इटलीत कबरीवर वाहतात आणि पूर्व आशियात पांढरी शेवंती अंत्यविधीलाच, त्यामुळे तिथल्या कुणाला वाढदिवसाला ती देऊ नका. रशियाकडे अंत्यविधीला फुलं समसंख्येत, जिवंत माणसाला विषम.

पाठवायचंच असेल तर आधी घरच्यांना विचारा की फुलं चालतील का. मग बनवणाऱ्याला स्पष्ट सांगा की स्पंज नको, पेंढ्याची किंवा वेताची रिंग आणि वर शेवाळ, सुतळीनं बांधलेलं, हे पूर्ण कुजतं. हंगामात जे फुलतंय तेच घ्या. रिबिनीवर मोठे मोठे शब्द नकोत, कुणाकडून आणि कुणासाठी एवढं पुरे, शक्य असेल तर कापडी रिबन. आणि काही दिवसांनी सुकलेलं चक्र उचलायची जबाबदारी कुणाची तेही आधीच ठरवून ठेवा, तारा काढून कडं मातीत घालता येतं.